चौकटीत न मावणारी लक्षणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एक चौकट येते : 'मुलांमधील ही लक्षणे वेळीच ओळखा'. अंथरूण ओले करणे, झोपेत दचकणे, अभ्यासातून लक्ष उडणे, चिडचिड, एकलकोंडेपणा. यादी खोटी नसते. पण ती वाचून पालक एक तर धास्तावतात, कारण यांतले एखादे लक्षण कोणत्याही घरातल्या कोणत्याही मुलात सापडते. नाहीतर आठवडाभरात 'हे तर सगळ्याच पोरांचं असतं' म्हणून यादी विसरून जातात. शाळांमध्ये समुपदेशन करणारे आणि मुलांचे डॉक्टर या नात्याने त्या चौकटीत न मावणारे थोडे लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. जागेनुसार कात्री लावावी, फक्त पोलीस आणि दवाखान्याविषयीचा भाग गाळू नये.

एकटे लक्षण फारसे काही सांगत नाही. पाहायचा असतो तो बदल, आणि त्या बदलाचा एखाद्या व्यक्तीशी, जागेशी किंवा वेळेशी असलेला संबंध. अंथरुणात शू होण्याचेच घ्या. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांना रात्री शू होते; त्यात काळजीचे काही नाही. पण जे मूल सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे राहिले आणि मग पुन्हा अंथरूण भिजवू लागले, त्याच्याकडे लक्ष द्यावे. तिथेही पहिला संशय अत्याचाराचा घेऊ नये. बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, धाकट्या भावंडाचा जन्म, घर किंवा शाळा बदलणे, ही कारणे जास्त वेळा सापडतात. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. ते सगळे ठीक निघाले, आणि त्याच सुमारास मूल शौचालयात एकटे जायला घाबरू लागले, कपडे बदलताना अंग चोरू लागले, शिकवणीचे नाव काढले की त्याच्या पोटात दुखू लागले, तर तीन-चार गोष्टी एकाच दिशेला चालल्या आहेत असे समजावे.

ती दिशा कोणती, हे शोधायला भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. दुधाचा खाडा मांडतो तशा तीन-चार आठवडे पोटदुखीच्या, डोकेदुखीच्या, रात्री दचकण्याच्या तारखा मांडाव्यात. शाळेला कंटाळलेल्या मुलाची पोटदुखी सोमवार ते शनिवार सारखीच येते आणि सुट्टी लागली की पळते. ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येत असेल तर त्या दोन दिवशी काय असते ते बघावे. कराटेचा क्लास असेल, आईची कामावरची दुसरी पाळी असेल, व्हॅनवर वेगळा चालक असेल, गावाहून मुक्कामाला येणारा कोणी असेल. मुलाला एकही प्रश्न न विचारता एवढे कळते. मात्र मुलाने स्वतः काही बोलून दाखवले असेल, किंवा शरीरावर काही दिसले असेल, तर कॅलेंडर भरत बसू नये. त्याच दिवशी हालचाल करावी.

शरीरावर दिसणाऱ्या खुणा म्हणजे गुप्तांगाजवळ किंवा गुदद्वाराजवळ दुखणे, सूज, जखम, रक्त, शू किंवा शी करताना वेदना, चालता-बसताना अवघडणे, चड्डीवर रक्ताचे वा स्रावाचे डाग, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कमरेवर किंवा छातीवर वळ आणि चाव्याच्या खुणा. यांनाही दुसरी कारणे असतात. जंतांमुळे रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, खडा झाल्याने चीर पडून रक्त येते, सायकलच्या दांड्यावर पडून जांघेत लागते, साबणाने आग होते. घरी बसून निवाडा करू नये, डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांनी पाहायचे ते हे, की सांगितलेले कारण आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसतो का, आणि आई एक व आजी दुसरेच सांगते आहे का. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर दर वेळी नुसती अँटिबायोटिक लिहून भागत नाही. वयात न आलेल्या मुलात गोनोरियासारखा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार सापडला, तर अत्याचाराची शक्यता धरूनच पुढे जावे लागते.

इथे एक गैरसमज सुशिक्षित घरांतही घट्ट बसला आहे. डॉक्टरांनी तपासले, काही सापडले नाही, म्हणजे काही झालेच नाही! वस्तुस्थिती अशी की अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही सापडत नाही. नाजूक त्वचा काही दिवसांत भरून येते. शिवाय हात लावणे, हात लावायला लावणे, अश्लील चित्रफिती दाखवणे, कपडे उतरवून फोटो काढणे यांची शरीरावर खूणच राहत नाही. कोरा अहवाल हातात घेऊन मुलाला 'बघ, खोटं बोललास' म्हटले की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

लैंगिक वागण्याबद्दलही घरोघरी गोंधळ असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अवयवांना हात लावणे, आंघोळीच्या वेळी दुसऱ्याचे बघणे, बरोबरीच्या पोरांत 'डॉक्टर-डॉक्टर' खेळणे हे कुतूहल आहे. ते हसत-खेळत चालते आणि 'चला, जेवायला या' म्हटले की संपते. काळजीचे वागणे निराळे दिसते. मूल मोठ्यांच्या संभोगाची बारीक नक्कल बाहुलीवर किंवा धाकट्या भावंडावर करते. स्वतःपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान मुलाला धाकात घेऊन करते. दुसरीकडे लक्ष वेधले तरी थांबत नाही, किंवा करताना घाबरलेले, रागावलेले असते. त्याच्या तोंडी असे शब्द येतात जे घरात कोणी उच्चारत नाही. अशा वेळी मूल 'वाया गेले' म्हणून थोबाडीत देण्याआधी हे त्याने कुठे पाहिले, कोणी दाखवले, याचा शोध घ्यावा. बहुतेकदा मोबाईल निघतो, तेव्हा तो कोणाच्या हातातला होता ते विचारावे.

काही मुलांत लक्षणे उलटी येतात. फार शहाणे, फार आज्ञाधारक, आईची सारखी मर्जी राखणारे, धाकट्या बहिणीला क्षणभर नजरेआड न करणारे मूल घरात कौतुकाचे होते. बहिणीवर ते पहारा का ठेवते, हे कोणी विचारत नाही. किशोरवयात हातावर ब्लेडचे चरे, उन्हातही अंगावर दोन-दोन कपडे, दिवसातून चार वेळा आंघोळ किंवा आंघोळच नको, जेवण तुटणे, घरातून निघून जाणे, आणि कुठून आला ते सांगता न येणारा मोबाईल, बूट किंवा रिचार्ज. गतिमंद, मूकबधिर किंवा बहुविकलांग मुलांच्या बाबतीत तर प्रत्येक बदल अपंगत्वाच्या खात्यावर जमा होतो. लंगोट बदलताना रोज शांत राहणारे मूल अचानक पाय आवळून ओरडू लागले, तर त्याच्याजवळ तेवढीच भाषा आहे, हे त्याला सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मुलग्यांबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण 'चिमुरडी' या शब्दापलीकडे आपल्या बातम्या फारशा जात नाहीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. महाराष्ट्र आणि गोवा त्यांत होते. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे ५३.२२ टक्के मुलांनी सांगितले, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्त, ५२.९४ टक्के होते. मुलग्यांत भीती बहुधा रागाच्या रूपाने बाहेर येते : मारामाऱ्या, तोडफोड, शिव्या, वर्गातून हाकलले जाणे. शाळा त्याला शिस्तीचा प्रश्न समजते. मुलगा सांगायला आला तरी 'पोरगा असून रडतोस?' हे उत्तर तयार असते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. १८ वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक आहे.

आता त्या चौकटीत कधीच न येणाऱ्या अर्ध्या भागाबद्दल. लक्षणे मुलात शोधायची, पण मोठ्या माणसाच्या वागण्यात ती बरीच आधी दिसतात. वृत्तपत्रांचा आवडता शब्द 'नराधम'. तो वाचला की डोळ्यांपुढे कोणी तरी ओंगळ, अनोळखी माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. काका, मामा, आतेभाऊ, शेजारी, सर, बुवा, व्हॅनवाले, वसतिगृहाचे अधीक्षक, आणि कधी सावत्र किंवा सख्खे वडील. यांच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. उलट अडीअडचणीला धावून येणारा, पोरांना जीव लावणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती असते, आणि ती त्यांनी सवड काढून कमावलेली असते. आधी घर जिंकायचे, मग मूल.

म्हणून अशा माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या काही सवयींकडे पाहावे. अनेक मुलांमधून एकालाच वारंवार भेटवस्तू, पैसे, गाडीवरून फेऱ्या. मुलाबरोबर एकटे राहायची संधी सारखी निर्माण करणे. रविवारी एकालाच 'जादा तासाला' बोलावणे, मुक्कामाला आल्यावर मुलाशेजारीच झोपायचा हट्ट, व्हॅनमध्ये एकाच मुलीला रोज शेवटी सोडणे. गुदगुल्या, कुस्ती, पापे घेणे, आणि मूल 'नको' म्हणाले तरी न थांबणे. मोठ्यांच्या समोर हे केले की दोन गोष्टी साधतात : मोठे आक्षेप घेत नाहीत हे त्या माणसाला कळते, आणि आईच्या देखत चालते म्हणजे चालतच असेल, असे मुलाला वाटते. 'हे आपलं गुपित' असे म्हणणारा मोठा माणूस हे यांतले सर्वांत ठळक चिन्ह. गुपित चॉकलेटचे असले तरी त्याला तिथेच रोखावे. घरात एकच नियम करावा : वाढदिवसाची गंमत चालेल, कारण ती नंतर सगळ्यांना सांगायची असते, जे कधीच सांगायचे नाही असे गुपित मोठ्या माणसाशी ठेवायचे नाही.

अशा माणसाला टोकताना आरोप करायची गरज नसते. 'त्याला नको आहे, सोडा त्याला' एवढे सर्वांसमोर म्हटले तरी पुरते. साधा माणूस ओशाळून थांबतो. जो रागावतो, थट्टेवारी नेतो, 'आमच्यावर संशय घेता?' म्हणतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करतो, त्याच्या हाती मूल एकटे देऊ नये. पाळणाघर, क्लास, आश्रमशाळा, वसतिगृह निवडताना फीबरोबर हेही विचारावे की दार बंद करून एकट्या मुलाला कोण शिकवते, रात्री खोलीत कोणाला शिरता येते, मुलींच्या स्वच्छतागृहापाशी कोण असते, पालक न कळवता केव्हाही येऊ शकतात का. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे सहा-सहा महिने राहणाऱ्या मुलांसाठी हे विचारणारे कोणी नसते. तिथे अंगणवाडी सेविकेचे आणि वर्गशिक्षकाचे डोळे हाच आधार.

मोबाईलवरून होणारा छळ या सगळ्याला बगल देतो, कारण तो माणूस उंबरठा ओलांडतच नाही. खेळाच्या चॅटमधून ओळख, फुकटची नाणी किंवा रिचार्ज, मग खासगी गप्पा, मग फोटोची मागणी आणि फोटो मिळाला की धमकी. कोणी खोलीत आले की स्क्रीन झटकन पालथी होते, रात्री उशिरा मेसेज येतात, दुसरे खाते निघते, फोन वाजला की चेहरा उतरतो. अशा वेळी फोन काढून घेऊन चॅट पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. आक्षेपार्ह फोटो 'दाखवायला' म्हणून नातेवाइकांना किंवा शाळेच्या ग्रुपवर पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. अशी सामग्री जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. फोन आहे तसा पोलिसांकडे न्यावा. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

मुले सांगत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी आहे. ती चाचपून बघतात. 'मला त्या काकांकडे नाही जायचं.' 'सर जाम मस्ती करतात.' 'माझ्या मैत्रिणीला ना, एक जण त्रास देतो.' हे वाक्य टाकून मूल आपल्या तोंडाकडे बघत असते. 'असं बोलू नये मोठ्यांबद्दल' हे उत्तर आले की विषय संपला, कधी कधी वर्षानुवर्षे. शब्दांचीही अडचण आहे. अवयवांना घरोघरी लाडाची नावे असतात. 'काकांनी माझ्या फुलाला हात लावला' हे ऐकून शिक्षिकेला काय कळणार? डोळे, नाक, कान शिकवतो तसे शिश्न, योनी, गुदद्वार हे शब्दही तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना शिकवावेत. आणि 'चांगला स्पर्श-वाईट स्पर्श' या जोडीपेक्षा 'सुरक्षित-असुरक्षित' बरे. गुदगुल्यांसारखा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. वाईट वाटले नाही म्हणून आपणच दोषी, असे ओझे मग मूल मोठेपणीही वाहते.

मूल बोलले तर? पहिले दहा मिनिटे तोंडावर भीती-राग येऊ न देणे, हे सर्वांत अवघड काम. शेजारी, त्याच्या उंचीला बसावे. 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही.' एवढे पुरे. प्रश्न मोकळे विचारावेत : 'मग काय झालं?', 'अजून सांगतोस?' 'त्यांनी तिथे हात लावला का? कपडे काढले का?' असे प्रश्न विचारू नयेत. लहान मूल मोठ्यांना खूश करायला 'हो' म्हणते आणि पुढे न्यायालयात बचावाचा वकील नेमके तेच धरतो, की आईने पढवले. 'आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न तर मनातही आणू नये. मुलाला तो शिक्षेसारखा ऐकू येतो. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, ते मोडावे लागणार आहे. 'ज्यांना सांगितल्यावर हे थांबेल त्यांनाच सांगू' असे म्हणावे. मूल झोपल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह, वहीत लिहून ठेवावेत. ते 'शू-शूची जागा' म्हणाले असेल तर तेच लिहावे, आपल्या भाषेत सुधारून नव्हे.

नंतरची मोडतोड बहुधा घरचेच करतात. आत्या येते, मावशी येते, प्रत्येकीपुढे मुलाला पुन्हा सांगायला लावतात; कोणी मोबाईलवर चित्रीकरण करते; तावातावाने संशयिताच्या दारात जातात आणि त्याला पुरावा नष्ट करायला, साक्षीदार फिरवायला, मुलाला धमकवायला वेळ मिळतो. घर हादरलेले पाहून मूल चार दिवसांनी म्हणते, 'मी खोटं बोललो.' असे माघारी फिरणे नवे नाही. आजी जेवत नाही, बाबा बोलत नाहीत, आपल्यामुळे मामा तुरुंगात जाणार, हे त्याने पाहिलेले असते. एवढ्यावरून आधीचे खोटे ठरवू नये.

आता पोलीस. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे समजले किंवा घडेल अशी भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या ठाण्याला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करून आणा, असे कायदा म्हणत नाही. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर पुढे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेने आधी स्वतःची समिती बसवून 'शहानिशा' करावी, मग कळवावे, अशी सवलत यात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी 'घरच्यांची इच्छा नव्हती' हे कारण आता वापरू नये.

'कपड्यांवरूनच हात लावला ना, त्यात काय' असे म्हणणारे ठाण्यातही भेटतात. त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा, असा पोक्सोचा अर्थ जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कपड्यांवरून असला तरी गुन्हाच.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. खटला संपेपर्यंत सोबत करणारी सहायक व्यक्ती समितीकडे मागता येते. ती न मागताच मिळावी, पण मागितलेली बरी. हद्दीचे कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, 'झिरो एफआयआर' कुठल्याही ठाण्यात होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबावरून मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावले, ते सर्वांना आठवत असेल. ठाण्यात जाणे जमत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. १०९८ मूल स्वतःही लावू शकते, पैसे पडत नाहीत.

दवाखान्यात आधी उपचार, मग कागद. पोलिसांचे पत्र नाही म्हणून सरकारी किंवा खासगी रुग्णालयाला परत पाठवता येत नाही, आणि उपचार मोफत द्यावे लागतात. घटना चार दिवसांतली, म्हणजे ९६ तासांच्या आतली असेल तर नमुने घेता येतात. म्हणून तपासणीआधी आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येक वेगळा ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते आणि डीएनए नासतो. आंघोळ झाली असली, दिवस उलटले असले तरी जावेच, कारण काम फक्त पुराव्याचे नसते. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. वयात आलेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तशीच. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, पालकांच्या किंवा विश्वासाच्या व्यक्तीच्या समोर करायची. योनीत दोन बोटे घालून पाहायची 'टू फिंगर टेस्ट' कोणी करू लागले तर ठाम नकार द्यावा; ती करणे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले आहे. भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. अर्जाची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.

राहता राहिले आपल्या क्षेत्राचे, संपादक महोदय. मुलाचे नाव बदलून 'पीडित चिमुरडी' लिहायचे आणि पुढच्याच ओळीत गावाचे नाव, गल्ली, शाळा, आईचा धंदा आणि आजोबांचे वय द्यायचे, यामुळे मूल कोण ते पंचक्रोशीला कळते. पोक्सोच्या कलम २३ मध्ये, जे ओळख उघड करायला मनाई करते, नावाबरोबर कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसरही येतात. 'अब्रू लुटली' हा शब्दप्रयोग तर कायमचा बाद करावा. अब्रू गेली असेल तर ती करणाऱ्याची. आणि पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा मुलांच्या लक्षणांना अर्धीच जागा द्यावी, उरलेल्या अर्ध्या जागेत मोठ्यांच्या सवयी आणि तळाला ठळक अक्षरांत १०९८.

आपले,
काही शालेय समुपदेशक व बालरोगतज्ज्ञ,
पुणे